रिकाम्या तिजोरीतून घडलेलं सरकार

२१ जून १७८३, शनिवार. फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसला तीन-चारशे सैनिकांनी गराडा घातला होता. बंदुकांना संगिनी चढवलेल्या होत्या. आत अमेरिकेची काँग्रेस, म्हणजे नव्या देशाची मध्यवर्ती सभा भरली होती. बाहेरचे सैनिक ब्रिटिशांचे नव्हते. याच काँग्रेसच्या बाजूने लढलेली ही माणसं थकलेला पगार मागायला आली होती. काँग्रेसने पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सरकारला निरोप धाडला, तुमची शिबंदी बोलावून आम्हाला वाचवा. राज्य सरकारने नकार दिला. दरवाजे अखेर उघडले गेले, सदस्य सैनिकांच्या शिव्या ऐकत बाहेर पडले आणि काही दिवसांतच काँग्रेसने गाशा गुंडाळून शेजारच्या न्यू जर्सीतलं प्रिन्स्टन गाठलं.

जगातल्या सगळ्यात बलाढ्य आरमाराच्या मालकाला नमवणाऱ्या देशाची सभा आपल्याच शिपायांच्या पगारापायी परागंदा झाली. सदस्य कंजूष होते किंवा त्यांना सैनिकांची कदर नव्हती, असं नाही. त्यांच्याकडे पैसाच नव्हता आणि तो मिळवण्याचा अधिकारही नव्हता. १ मार्च १७८१ पासून अमलात आलेल्या महासंघाच्या करारनाम्यानुसार काँग्रेस युद्ध पुकारू शकत होती, तह करू शकत होती, कर्ज काढू शकत होती. पण कर बसवणं तिच्या हातात नव्हतं. तिने दरवर्षी खर्चाचा अंदाज बांधायचा, तेरा राज्यांना त्यांचा त्यांचा वाटा कळवायचा आणि वाट पाहायची. ऑक्टोबर १७८१ मध्ये तिने ८० लाख डॉलर मागितले. पुढच्या दोनेक वर्षांत हाती आले पंधरा लाखांच्या आसपास. ज्याने भरले नाहीत त्याचं काय करायचं, याबद्दल करारनाम्यात एक अक्षर नव्हतं.

चार वर्षांनी, १७८७ च्या उन्हाळ्यात, याच स्टेट हाउसमध्ये नवी राज्यघटना लिहिली गेली. त्या घटनेकडे आपण बहुतेक वेळा स्वातंत्र्य, लोकशाही, सत्तेची विभागणी या मोठ्या कल्पनांच्या बाजूने पाहतो. त्या कल्पना खऱ्या होत्या आणि त्यांच्यावर झालेले वादही मनापासूनचे होते. तरी घटनेचं पहिलंच कलम हातात घेऊन सावकाश वाचावं. कर कोण बसवील, कर्ज कोण काढील, नाणी कोण पाडील, कुठल्या मालावर शुल्क घेता येणार नाही, कर्जदाराला कोण सवलत देऊ शकणार नाही, याचीच व्यवस्था ओळीमागून ओळीत सापडते. पैसा कोणाकडून, कुठल्या दाराने आणि कोणाच्या हुकमाने गोळा करायचा, या प्रश्नाने अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्रीय सरकारचा सांगाडा ठरवला. त्या जमाखर्चात कोणाच्या पदरात काय पडलं हे पाहिल्याशिवाय ती घटना पुरती समजत नाही.

युद्धाचा खर्च भागवायला काँग्रेसने १७७५ पासून कागदी चलन छापलं होतं. कर नाही, तारण नाही, फक्त वचन. नोटा वाढत गेल्या तशी त्यांची किंमत घसरत गेली आणि मार्च १७८० मध्ये काँग्रेसने स्वतःच चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा डॉलर असा भाव मान्य केला. वर्षभरात ते चलन बाजारातून उठलं. ज्यांनी ते विश्वासाने घरात ठेवलं त्यांची बचत बुडाली. शिवाय फ्रान्सचं आणि स्पेनचं देणं होतं. १७८२ मध्ये अमेरिकेचा दूत जॉन अ‍ॅडम्स याने ॲमस्टरडॅमच्या पेढ्यांकडून ५० लाख गिल्डरचं कर्ज मिळवलं होतं. १७८५ मध्ये फ्रान्सच्या कर्जाचं व्याज थकलं, १७८७ मध्ये मुद्दलाचे हप्तेही चुकले. डचांचं व्याज कसंबसं भरलं जात होतं, तेही डचांकडूनच नवं कर्ज काढून.

सैनिकांच्या हातात पगाराऐवजी प्रमाणपत्रं पडली: सरकार तुझं इतकं देणं लागतं, सवडीने देईल. कनेटिकटचा जोसेफ प्लम मार्टिन पंधराव्या वर्षी सैन्यात शिरला आणि युद्ध संपेपर्यंत लढला. उपासमार, अनवाणी पाय, बर्फातली छावणी हे सगळं त्याने १८३० मध्ये छापलेल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. सुटी मिळाल्यावर अंगावर धड कपडे हवेत म्हणून त्याने काही प्रमाणपत्रं विकून टाकली. हजारो सैनिकांनी हेच केलं. घरी बायकापोरं उपाशी असताना सरकार कधीतरी पैसे देईल या आशेवर कोण बसणार? ही प्रमाणपत्रं दर्शनी किमतीच्या आठव्या-दहाव्या हिश्शात विकली जात होती. विकत घेणारे होते बंदरांच्या शहरांतले व्यापारी, पेढीवाले आणि दूरचा विचार करणारी काही घरं. जॉन अ‍ॅडम्सची पत्नी अ‍ॅबिगेल हिने नवऱ्याच्या जमिनीच्या हौसेला न जुमानता असे घसरलेले सरकारी रोखे गोळा केले आणि त्यावर चांगला नफा कमावला. विवाहित स्त्रीला कायद्याने स्वतःची मालमत्ता नसण्याच्या त्या काळात तिने हा व्यवहार आपल्या हिकमतीवर चालवला. तिच्या चतुराईचं कौतुक वाटतंच, पण त्या रोख्यांच्या पलीकडच्या टोकाला मार्टिनसारखी माणसं होती हेही विसरता येत नाही.

काँग्रेसचा खजिना सांभाळणाऱ्या रॉबर्ट मॉरिसने एका उपायाचा आग्रह धरला होता: परदेशातून येणाऱ्या मालावर पाच टक्के शुल्क बसवू द्या, ते थेट काँग्रेसला मिळू द्या. त्यासाठी करारनामा बदलावा लागणार होता आणि बदलाला तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी होती. बारा राज्यं तयार झाली. नोव्हेंबर १७८२ मध्ये सगळ्यात लहान ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं. १७८३ मध्ये सुधारलेला प्रस्ताव पुढे आला, त्याला न्यू यॉर्कने अशा अटी घातल्या की तो १७८६ मध्ये निकालात निघाला. न्यू यॉर्कचं कारण सरळ होतं. शेजारच्या कनेटिकट आणि न्यू जर्सीचा विलायती माल याच बंदरात उतरायचा. त्यावरचं शुल्क न्यू यॉर्क वसूल करायचं आणि आपल्या राज्याचा खर्च त्यातून भागवायचं. माल वापरणारे शेजारी, कर खाणारं न्यू यॉर्क. मुंबई-पुण्याच्या वेशीवर जकात नाक्यांसमोर उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना न्यू जर्सीचा संताप समजावून सांगायला नको. त्या जकातीचा भार शेवटी दूरच्या गिऱ्हाइकावर पडायचा आणि पैसा शहराच्या तिजोरीत जायचा. १७८६ मध्ये चिडलेल्या न्यू जर्सीने काँग्रेसला आपला वाटा भरायला चक्क नकार दिला.

नाण्यांचा गोंधळ वेगळाच. व्यवहार मुख्यतः स्पॅनिश चांदीच्या डॉलरात चालायचा, पण हिशेब पौंड-शिलिंगात लिहिला जायचा आणि प्रत्येक राज्याचा शिलिंग निराळा होता. तोच डॉलर बॉस्टनमध्ये आणि व्हर्जिनियात सहा शिलिंगांचा, फिलाडेल्फियात साडेसात शिलिंगांचा, न्यू यॉर्कमध्ये आठ शिलिंगांचा. ब्रिटनने अमेरिकी जहाजांना आपली वेस्ट इंडीजची बंदरं बंद केली, तेव्हा त्याला उत्तर म्हणून एकच व्यापारधोरण आखणं काँग्रेसला शक्य नव्हतं. एका राज्याने ब्रिटिश जहाजांवर जादा शुल्क लावलं की ती जहाजं शेजारच्या राज्यात माल उतरवायची.

या सगळ्यावर कडी केली मॅसॅच्युसेट्सने. तिथल्या विधिमंडळाने ठरवलं की युद्धकाळातलं राज्याचं कर्ज लवकरात लवकर आणि चोख फेडायचं. त्यासाठी थेट कर बसवले, तेही नाण्यांत भरायचे. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याकडे नाणं कुठून येणार? तिथला व्यवहार धान्य, लाकूड, मजुरी यांच्या देवघेवीवर चालत होता. इकडे ब्रिटिश व्यापाऱ्यांनी बॉस्टनच्या व्यापाऱ्यांकडे उधारीचा तगादा लावला, त्यांनी गावच्या दुकानदाराकडे आणि दुकानदाराने शेतकऱ्याकडे. जमिनी, गुरं जप्त होऊ लागली, कर्जदार तुरुंगात जाऊ लागले. राज्याचे रोखे मात्र बरेचसे किनाऱ्यावरच्या मोजक्या धनिकांच्या पेट्यांत जमले होते. ज्याने प्रमाणपत्र कवडीमोलाने विकलं, त्याच्याकडूनच नाण्यांत कर वसूल करून ते विकत घेणाऱ्याला पुरती रक्कम द्यायची, असा हा मामला होता. शेतकऱ्यांनी सभा भरवल्या, अर्ज केले. त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या गेल्या.

२९ ऑगस्ट १७८६ ला नॉर्थॅम्प्टनच्या न्यायालयाला शेकडो शेतकऱ्यांनी वेढलं आणि कामकाज बंद पाडलं. न्यायालय भरलं नाही तर जप्तीचा हुकूमही निघणार नाही, हे साधं गणित त्यामागे होतं. पुढच्या काही आठवड्यांत इतर गावांतही तेच झालं. यातल्या अनेकांनी युद्धातले जुने कोट चढवले होते, टोपीत हिरव्या फांदीचा तुरा खोवला होता. त्यांच्यातला एक होता डॅनियल शेज, युद्धातला कप्तान. बंडाला त्याचं नाव चिकटलं. काँग्रेसने सैन्य उभारायला राज्यांकडे पैसे मागितले, तर व्हर्जिनिया सोडून कोणी दाद दिली नाही. शेवटी बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून राज्याची फौज उभी केली. २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेलेल्या बंडखोरांवर तोफा डागल्या गेल्या, चार जण मेले, बाकीचे पांगले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बर्फाच्या वादळात रात्रभर चालून आलेल्या फौजेने पीटर्सहॅमला उरलेल्यांना गाठलं आणि बंड संपलं.

मारले गेले थोडे, पण धास्ती सगळ्या देशात पसरली. युद्धखात्याचा सचिव हेन्री नॉक्स याने माजी सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनला लिहिलं की या लोकांना सगळी मालमत्ता समाईक करायची आहे. असं काही बंडखोरांनी मागितल्याचं दिसत नाही. त्यांना न्यायालयं काही काळ बंद हवी होती, कर कमी हवे होते आणि थोडं कागदी चलन हवं होतं. ज्याच्याकडे गमावण्यासारखं बरंच असतं, त्याला कर्जदाराची मागणी फार लवकर लूट वाटू लागते. नॉक्सकडे तसं बरंच होतं. मेन भागातल्या मोठ्या जमिनीवर त्याने पुढे हक्क सांगितला. आपला मार्टिन युद्धानंतर तिथेच शेती करत होता आणि जमिनीची किंमत भागवायला मुदत द्या म्हणून त्याला याच नॉक्सकडे विनवणी करावी लागली.

मॅसॅच्युसेट्सचं बंड मोडलं, पण शेजारी ऱ्होड आयलंडमध्ये कर्जदारांना बंडाची गरजच पडली नाही. तिथे ते निवडणूक जिंकले. १७८६ मध्ये त्या सरकारने १ लाख पौंडांचं कागदी चलन काढलं आणि ते नाकारणाऱ्याला दंड ठेवला. धनको कर्जदारांपासून तोंड चुकवू लागले, दुकानदार दुकानं बंद ठेवू लागले. वेगवेगळ्या स्वरूपात आणखी काही राज्यांनी कागदी चलन आणि कर्जफेडीला मुदत हे उपाय केले. त्यातले सगळेच फसले नाहीत. पेनसिल्व्हेनियात आणि साउथ कॅरोलिनात त्या चलनाने बऱ्यापैकी काम केलं. पण फिलाडेल्फियात जमणाऱ्यांच्या मनात ऱ्होड आयलंड ठसलं होतं.

२५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात घटनापरिषद भरली. बारा राज्यांचे ५५ प्रतिनिधी येऊन गेले, ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवलं नाही. दारावर पहारा, आतली चर्चा बाहेर सांगायची नाही असा नियम. व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन समोर बसून दररोज टिपणं काढत होता. त्याच्या मृत्यूनंतर १८४० मध्ये ती छापली गेली, म्हणून आज आपल्याला तिथलं बोलणं इतकं जवळून ऐकू येतं.

कर बसवण्याचा अधिकार राष्ट्रीय सरकारला द्यावा की नाही, यावर परिषदेत फारसं घोडं अडलं नाही. सहा वर्षांच्या अनुभवाने ते काम केलं होतं. खरी झटापट झाली ती कोणावर, किती आणि कशाच्या प्रमाणात यावर. अमेरिकी घटनेतली सगळ्यात काळीकुट्ट तडजोड याच हिशेबातून आली. गुलामांना पाचातल्या तीन माणसांइतकं मोजायचं हा दर १७८७ मध्ये कोणी नव्याने शोधला नव्हता. १७८३ मध्ये काँग्रेसला राज्यांचे करवाटे जमिनीच्या किमतीऐवजी लोकसंख्येवर ठरवायचे होते. दक्षिणेकडची राज्यं म्हणाली, गुलाम कमी काम करतात, त्यांना मोजू नका. उत्तरेने म्हटलं, मोजा. कर कमी-जास्त करण्याच्या त्या घासाघिशीत पाचास तीन हा आकडा ठरला. अकरा राज्यांनी तो मान्यही केला, पण एकमत न झाल्याने लागू झाला नाही. १७८७ मध्ये प्रश्न लोकप्रतिनिधींच्या जागांचा निघाला तेव्हा दोन्ही बाजूंनी कोलांटी मारली. आता दक्षिणेला गुलाम पुरते मोजून हवे होते, कारण डोकी वाढली की जागा वाढणार होत्या. तोच जुना आकडा बाहेर काढला गेला आणि प्रतिनिधित्व व थेट कर दोन्ही त्याला बांधले गेले. पेनसिल्व्हेनियाच्या गूव्हर्नर मॉरिसने भर सभेत विचारलं की गुलाम माणसं असतील तर त्यांना नागरिक करून मत का देत नाही, आणि मालमत्ता असतील तर दुसरी कुठलीही मालमत्ता का मोजत नाही? उत्तर कोणाकडे नव्हतं. १७९० च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ३९ लाख माणसांपैकी जवळजवळ ७ लाख गुलाम होते. थेट कर फार क्वचित बसवले गेले. जागा मात्र दक्षिणेला प्रत्येक निवडणुकीत मिळत राहिल्या.

ऑगस्टमध्ये दुसरा सौदा झाला. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाला तांदूळ, नीळ बाहेर पाठवायची होती आणि ती पिकवायला आफ्रिकेतून माणसं आणायची होती. त्यांना निर्यातीवर कर नको होता, गुलामांच्या व्यापारावर बंदीही नको होती. न्यू इंग्लंडच्या जहाजवाल्यांना परदेशी जहाजांना आवर घालणारे कायदे साध्या बहुमताने करता यायला हवे होते. दक्षिणेला त्यासाठी दोन तृतीयांश मतांची अट हवी होती, कारण जहाजांची स्पर्धा आटली की भाडं वाढणार आणि ते शेतमालाच्या किमतीतून जाणार. शेवटी देवाणघेवाण झाली. निर्यातकर कायमचा निषिद्ध ठरला. गुलामांची आयात १८०८ पर्यंत थांबवायची नाही, फार तर डोईमागे दहा डॉलर शुल्क घ्यायचं. बदल्यात जहाजांचे कायदे साध्या बहुमताने होतील. माणसांच्या खरेदी-विक्रीची वीस वर्षं जहाजभाड्याच्या नियमाशी तोलली गेली. व्हर्जिनियाचा जॉर्ज मेसन यावर भडकला. तो स्वतः गुलामांचा मालक होता, त्यामुळे त्याच्या बोलण्यातला नैतिक राग आणि बहुमताच्या नियमाने होणाऱ्या नुकसानीचा राग वेगळे काढणं कठीण आहे. त्याने घटनेवर सही केली नाही.

कर्जदारांच्या बाबतीत परिषद जवळजवळ एकमुखी होती. १६ ऑगस्टला काँग्रेसच्या अधिकारांच्या यादीतून कागदी चलन काढण्याचे शब्द नऊ विरुद्ध दोन मतांनी वगळले गेले. २८ ऑगस्टला राज्यांचा नंबर लागला. मूळ मसुद्यात काँग्रेसच्या परवानगीने राज्यांना नोटा काढता येणार होत्या. कनेटिकटचा रॉजर शर्मन आणि पेनसिल्व्हेनियाचा जेम्स विल्सन यांनी ती फटही बुजवली. पहिल्या कलमाच्या दहाव्या उपकलमात हे सगळं एका दमात आलं आहे: कोणत्याही राज्याने नाणी पाडू नयेत, कागदी चलन काढू नये, सोन्या-चांदीच्या नाण्यांखेरीज दुसरं काही कर्जफेडीत ग्राह्य ठरवू नये, करारांची बांधिलकी सैल करणारा कायदा करू नये. ऱ्होड आयलंडच्या कर्जदारांनी मतपेटीतून जे मिळवलं होतं, ते आता कुठल्याही राज्यात, कितीही मतं पडली तरी, मिळणार नव्हतं. माझ्या मते १७८७ च्या घटनेतला हा सगळ्यात धारदार आर्थिक निर्णय आहे. त्याने देशभर करार पाळले जातील अशी खात्री निर्माण झाली, भांडवल येऊ लागलं, व्यापार वाढला. पण दुष्काळात किंवा मंदीत गरिबाला आपल्या राज्याच्या विधिमंडळाकडून मिळू शकणारा आधारही त्याच वाक्याने काढून घेतला.

मग ही घटना म्हणजे रोखेवाल्यांचा कट होता का? इतिहासकार चार्ल्स बिअर्ड याने १९१३ च्या पुस्तकात जवळपास तसं मांडलं. परिषदेतल्या बहुतेकांकडे सरकारी रोखे होते आणि घटनेने त्यांची किंमत वाढली, असा त्याचा पुरावा होता. बिअर्ड तेव्हा न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवत होता. त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर तिथे दाखल झाले. बिअर्डच्या मांडणीमागे ज्यांच्या विचाराचा आधार होता, ते अर्थशास्त्रज्ञ सेलिगमन आंबेडकरांचे अध्यापक. ब्रिटिश हिंदुस्थानात कुठला कर केंद्राचा, कुठला प्रांताचा, हे कसं ठरत गेलं यावरचा आंबेडकरांचा प्रबंध १९२५ मध्ये छापला गेला, त्याची प्रस्तावना सेलिगमन यांचीच आहे. सरकारची रचना समजायची तर तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते आधी पाहावं, ही दृष्टी त्या प्रबंधात पानोपानी आहे.

बिअर्डचा हिशेब मात्र पुढे टिकला नाही. १९५८ मध्ये फॉरेस्ट मॅकडॉनल्ड याने एकेका प्रतिनिधीची मालमत्ता तपासली, तेव्हा चित्र विस्कळीत निघालं. एल्ब्रिज गेरीकडे भरपूर रोखे होते, तरी त्याने सही नाकारली. रॉबर्ट मॉरिस आणि जेम्स विल्सन यांनी करारांच्या पावित्र्यावर सही केली आणि पुढे दोघेही जमिनींच्या सट्ट्यात बुडाले. मॉरिस १७९८ पासून तीन वर्षं फिलाडेल्फियाच्या कर्जदारांच्या तुरुंगात होता. विल्सन तर सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश असताना धनकोंपासून पळत फिरला. कट नव्हता. पण त्या दालनात कर्ज देणाऱ्याच्या नजरेने जग पाहणारी माणसं भरपूर होती आणि नॉर्थॅम्प्टनच्या न्यायालयासमोर उभ्या राहिलेल्यांपैकी एकही नव्हता.

नव्या काँग्रेसने सत्तेवर येताच आधी बंदरांकडे मोर्चा वळवला. वॉशिंग्टनने ४ जुलै १७८९ ला सही केलेला आयातशुल्काचा कायदा तिच्या अगदी पहिल्या कायद्यांपैकी आहे. बहुतेक मालावर पाच टक्के. काही जिनसांचा दर वेगळा: मिठाच्या बुशेलला ६ सेंट, जमैकाच्या कडक रमच्या गॅलनला १० सेंट, काकवीच्या गॅलनला अडीच सेंट. काकवीवर सहा सेंटांचा प्रस्ताव होता, पण बॉस्टनच्या रमभट्ट्या त्याच काकवीवर चालत, म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींनी आकाशपाताळ एक करून तो खाली आणला. दोन आठवड्यांनी जहाजांवरचं शुल्क आलं: अमेरिकी जहाजाला टनामागे ६ सेंट, परदेशी जहाजाला ५० सेंट. जुलै संपण्याआधी बंदराबंदरांवर वसुली अधिकारी नेमण्याचा कायदा झाला, ऑगस्टमध्ये दीपस्तंभ ताब्यात घेतले. अर्थखातं निघालं ते सप्टेंबरमध्ये.

अलेक्झांडर हॅमिल्टन त्या खात्याचा पहिला सचिव झाला आणि जानेवारी १७९० मध्ये त्याने कर्जाचा अहवाल ठेवला. राष्ट्राचं देणं सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर, राज्यांचं अंदाजे अडीच कोटी. सगळं एका खात्यात घ्यायचं, जुने कागद जमा करून नवे व्याजाचे रोखे द्यायचे आणि व्याज आयातशुल्कातून भागवायचं. मॅडिसनने मध्येच उठून एक प्रश्न मांडला, ज्याने मला नेहमी अस्वस्थ केलं आहे: ज्या सैनिकाने प्रमाणपत्र मातीमोल विकलं त्याला काहीच नाही? विकत घेणाऱ्याला बाजारभावाने द्या आणि उरलेली रक्कम मूळ मालकाला द्या, असं त्याचं म्हणणं होतं. हॅमिल्टनचा मुद्दा होता की रोखा ज्याच्या हातात त्याचा हक्क, हे तत्त्व मोडलं तर पुढे सरकारचा कागद कोणी घेणार नाही. व्यवहारात तो बरोबर होता. प्रस्ताव छत्तीस विरुद्ध तेरा मतांनी पडला. मार्टिनसारख्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली ती गेलीच.

राज्यांची कर्जं उचलण्याचा ठराव एप्रिलमध्ये दोन मतांनी हरला. व्हर्जिनियाने आपलं बरंच कर्ज फेडलेलं होतं, दुसऱ्यांचं ओझं ती का उचलणार? जूनमध्ये परराष्ट्रसचिव थॉमस जेफरसनच्या न्यू यॉर्कमधल्या घरी हॅमिल्टन आणि मॅडिसन जेवायला बसले आणि तोडगा निघाला. व्हर्जिनियाची काही मतं फिरली, बदल्यात राजधानी पोटोमॅक नदीच्या काठी जाणार होती. घटनेत राजधानीसाठी कुठल्याही राज्याच्या हुकमतीखाली नसलेला वेगळा प्रदेश ठेवलेला होताच. १७८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाने हात वर केले, ती आठवण या तरतुदीमागे होती. जुलैमध्ये राजधानीचा कायदा झाला, ऑगस्टमध्ये कर्जाचा.

याचा परिणाम अगदी अनपेक्षित ठिकाणी दिसला. राज्यांच्या डोक्यावरचं कर्ज गेल्याने त्यांना थेट कर कमी करता आले. १७९० च्या दशकात राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे नव्वद टक्के भाग आयातशुल्कातून येत होता आणि ते शुल्क विलायती कापड, चहा, रम यांच्या किमतीत मिसळून जात होतं. कर वसूल करणारा माणूस बंदरावर उभा होता, शेतकऱ्याच्या दारात येत नव्हता. शेजच्या माणसांनी ज्यासाठी बंदुका उचलल्या, तो दिलासा त्यांना त्यांच्या विरोधकांनी आखलेल्या सरकारकडून मिळाला. रोखेवाल्यांचं मुद्दलही बुडालं नाही. दोन्ही एकाच वेळी साधलं ते समुद्रावरच्या व्यापारामुळे, आणि त्या व्यापाराचा मोठा भाग गुलामांनी पिकवलेल्या मालावर उभा होता.

हॅमिल्टनने बंदर सोडून आतही पाऊल टाकलं. १७९१ मध्ये देशी दारूवर कर बसवला. पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम डोंगरांत धान्य बाजारापर्यंत नेणं परवडत नसे, म्हणून शेतकरी त्याची व्हिस्की करत आणि तीच नाण्यासारखी वापरत. त्यांच्यासाठी हा पुन्हा नाण्यात भरायचा थेट करच होता. १७९४ मध्ये तिथे उठाव झाला. या वेळी सरकारकडे पैसा होता. सुमारे १३,००० माणसांची फौज निघाली, काही अंतर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः तिच्याबरोबर गेला आणि लढाई न होताच उठाव विरला. १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या राजवटीत तो कर रद्द झाला.

पुढच्याच वर्षी फ्रान्सने लुइझियानाचा अफाट प्रदेश विकायला काढला, किंमत दीड कोटी डॉलर. वीस वर्षांपूर्वी तीन-चारशे शिपायांचा पगार न देऊ शकलेल्या सरकारने त्यातल्या १ कोटी साडेबारा लाखांचे सहा टक्के व्याजाचे रोखे काढले. लंडनच्या बेअरिंग आणि ॲमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी ते हातोहात घेतले. नेपोलियनला रोख पैसा मिळाला आणि अमेरिकेचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झालं. त्या प्रदेशात राहणाऱ्या आदिवासी जमातींना कोणी विचारलं नव्हतं. व्याजाचे हप्ते बंदरावरच्या वसुलीतून वेळच्या वेळी जात राहिले.